चव म्हणजे खाणं नव्हे

“हिंदुराव, उद्यापासून मीठ बंद,” डॉक्टर म्हणाले, आणि हिंदुराव मोठ्यानं हसले.

त्यांना वाटलं, डॉक्टरसाहेब आज खुशीत आहेत. साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला मीठ बंद, म्हणजे लोहाराला विस्तव बंद. पण सबनीस डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हिंदुरावांच्या दंडावरचा पट्टा सोडला, पाऱ्याच्या नळीची पेटी मिटली आणि कागदावर दोन आकडे लिहिले. वर एकशे नव्वद, खाली एकशे बारा.

“हा तुमचा रक्तदाब. ब्लडप्रेशर. फार वाढलाय.”

“पर साहेब, मला काय झालंयच न्हाई. सकाळी मान जरा जड वाटती, ती धुरानं.”

पिंपरीच्या त्या औषधाच्या कारखान्यात कँटीनच्या लोकांना वर्षातून एकदा तपासत. नखं बघत, घसा बघत, छाती बघत. छप्पन साली चैत्रात ही पाऱ्याची पेटी नवीन आली, म्हणून डॉक्टरांनी ती सगळ्यांना लावली. नाहीतर हिंदुराव कशाला दवाखान्याची पायरी चढतायत! बेचाळीस वर्षांचा उंचापुरा गडी, दोन मण तांदळाचं पातेलं कानाला धरून एकटा सरकवायचा.

“बॉयलरचा काटा बघितलाय का तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं.

“रोज बघतो की. कँटीनच्या मागंच हाय.”

“काटा लाल रेघेच्या पुढं गेला, तर बॉयलर ओरडतो का?”

“बॉयलर न्हाई ओरडत. बॉयलरवाला ओरडतो.”

“मग इथं बॉयलरवाला मी आहे,” डॉक्टर म्हणाले. “माणसाला आतून काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस डोक्यातली बारीक नळी फुटते आणि अर्धं अंग लुळं पडतं. म्हणून मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. या सर्पगंधेच्या गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या. दर महिन्याला मला दंड दाखवायचा. आणि गणपतीपर्यंत हा आकडा खाली आला नाही, तर मला तुम्हाला चुलीपुढून उठवावं लागेल. गेटवर बसवू. पगार तोच राहील.”

पगार तोच राहील, हे डॉक्टरांनी चांगल्या मनानं सांगितलं. पण हिंदुरावांना ते लागलं. साताऱ्याकडच्या पालीहून वयाच्या बाराव्या वर्षी ते पुण्याच्या एका खानावळीत भांडी घासायला आले होते. भांड्यांवरून कणकेवर, कणकेवरून भाजीवर, भाजीवरून आमटीवर अशी एकेक पायरी चढायला त्यांना पंधरा वर्षं लागली होती. हिंदुरावांची आमटी म्हटल्यावर कारखान्यातली माणसं घरचा डबा परत न्यायची. तो माणूस गेटवर खुर्ची टाकून काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम?

त्या दिवशी पिंपरी गावातल्या आपल्या खोलीत ते आले, भिंतीला टेकून बसले आणि मंजुळाबाईंना सगळं सांगितलं. मंजुळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“डोक्यातली नळी म्हनाले?”

“व्हय.”

त्या उठल्या. फळीवरची मिठाची बरणी त्यांनी काढली आणि तशीच खाली घरमालकिणीकडं, शालनबाईंकडं नेऊन दिली. शिवाय लोणच्याची बरणीही दिली. त्याच वर्षी घातलेलं लोणचं होतं, अजून मुरलंही नव्हतं.

“अगं, तुला तरी राहू द्यायचं की थोडं,” हिंदुराव म्हणाले.

“दोन माणसांत दोन पातेली कुठं चढवू? जे तुमाला, ते मला.”

एवढंच त्या बोलल्या. मंजुळाबाई मुळात बोलायच्या कमी. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरूनही त्यांनी कधी घर डोक्यावर घेतलं नव्हतं. जेवताना त्या पाट घेत नसत, एक गुडघा उभा ठेवून बसायच्या, कधीही उठावं लागेल अशा. माणूस रोज समोर असलं, की त्याच्याकडं नीट बघायचं राहून जातं. हिंदुरावांचंही तसंच होतं.

अळणी जेवण पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी वांग्यात चिंच घातली. तिसऱ्या दिवशी लसूण भाजून भाकरीवर चोळला. लिंबू, धने, कच्चा कांदा, आमसूल, जे हाताला येईल ते त्या घालून बघायच्या आणि हिंदुरावांच्या तोंडाकडं बघायच्या. खालचे घरमालक सोपानराव पिंपरीचे जुने शेतकरी, तोंडानं फटकळ. ते जिन्यातून हाक मारायचे.

“काय हिंदुराव, अळणी जेवताय म्हनं? आमच्याकडं सुतकात खात्यात तसलं!”

“सुतक पडू नये म्हणून खातोय, सोपानराव.”

“मग खावा बाबा, खावा. वांगी लागली तर सांगा. पाव्हण्यांनी रहाटणीवरनं पाटी धाडलीया.”

बघता बघता तीन महिने गेले. हिंदुरावांनी एकही गोळी चुकवली नाही. गोळीनं त्यांचं नाक चोंदायचं, थोडी सुस्ती यायची, पण ते घेत राहिले. घरचं अळणी खाल्लं. दुपारी कँटीनमध्ये स्वतः रांधलेलं जेवण ते सगळ्यांना वाढायचे, आणि आपण कोपऱ्यात बसून घरचा डबा सोडायचे. हाताखालचे बबनराव हे बघून हळहळायचे.

“मालक, हलवायानं चणं खावं, असं झालं हे.”

मधल्या तपासण्यांत आकडा हलला नव्हता. आषाढात डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा बांधला. वर एकशे शहाण्णव.

“वाढलाय,” डॉक्टर म्हणाले. “हिंदुराव, मीठ खाताय तुम्ही.”

“न्हाई साहेब. आईशपथ.”

“उद्या घरच्यांना घेऊन या.”

मंजुळाबाई दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या. दवाखान्यात त्या पहिल्यांदाच येत होत्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, तरी त्या उभ्याच राहिल्या.

“बाई, नवऱ्याची दया येते हे मी समजू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “अळणी खाताना तोंड वाकडं करत असतील. मग तुम्ही हळूच चिमूटभर टाकत असाल.”

“घरात मीठच न्हाई साहेब. बरणी खाली देऊन टाकली.”

“सगळ्या बायका असंच सांगतात. तुमची ही चिमूट त्यांच्या जिवावर बेतेल, एवढं लक्षात ठेवा.”

मंजुळाबाईंनी पदर सावरला आणि मान खाली घातली. हिंदुरावांना बोलायचं होतं, की साहेब, हिचा काही दोष नाही. पण मग दोष कुणाचा, हे त्यांना सांगता येईना.

परत जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी कुथत कुथत चालली होती. दोघं फाटकाला हात टेकून उभे राहिले.

“खरं सांगा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “कुठं खाता? कॅम्पातल्या बाजारात भजी खाता का? मी काय म्हननार न्हाई.”

“तुझ्या गळ्याची आण मंजुळे, खडासुद्धा खाल्ला न्हाई.”

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. बावीस वर्षांत हा माणूस त्यांच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आताही बोलत नव्हता. मग मीठ येतंय कुठून? गाडीचे डबे संपले, फाटक उघडलं, तरी त्या तिथंच उभ्या होत्या.

“चल की,” हिंदुराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात हिंदुराव सकाळी गोळीची पुडी घरी विसरले. मंजुळाबाई ती घेऊन निघाल्या. कारखान्याच्या फाटकावर ओळखीचा पहारेकरी होता, त्यानं त्यांना कँटीनच्या मागच्या दारापर्यंत सोडलं. दहा वाजले असतील. आत सहा चुली पेटलेल्या, पातेल्यांतून वाफ उठत होती आणि हिंदुराव पाठमोरे उभे होते. मंजुळाबाईंनी हाक मारली नाही. नवऱ्याला काम करताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं, म्हणून त्या दारातच थांबल्या.

हिंदुरावांनी आमटीत मूठभर खडेमीठ टाकलं, पळीनं ढवळलं, पळीतले चार थेंब डाव्या तळहातावर घेतले आणि चाटले. डोळे मिटून क्षणभर थांबले. आणखी थोडं मीठ टाकलं. ढवळलं. तळहातावर घेतलं. चाटलं. मग बटाट्याच्या भाजीकडं गेले. तिथंही तेच. मग उसळ. मग कढी. नाक चोंदलेलं, त्यामुळं वास लागेना, म्हणून आमटीकडं फिरून आले आणि पुन्हा चाटलं. चटणी बोटावर घेतली. कोशिंबीर बोटावर घेतली. परत कढी.

मंजुळाबाई मनात मोजत होत्या.

“अहो!”

हिंदुराव दचकले. “तू? हितं?”

“हे काय चाललंय?”

“काय?”

“हे हातावर घेऊन.”

“चव बघतोय.”

“मग मीठ खात न्हाई म्हनालात ते?”

“अगं, चव म्हंजे खाणं न्हवं!” हिंदुराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. “खाणं म्हंजे ताट घेऊन बसणं. ही तर चाकरी हाय. सुतार लाकूड चाचपतो, म्हणून काय तो लाकूड खातो?”

बबनराव खो खो हसले. मंजुळाबाई हसल्या नाहीत.

“मी दारात उभी राहिल्यापासनं तेवीस वेळा चाटलंत,” त्या म्हणाल्या. “आन् अजून जेवणाची घंटा व्हायचीय.”

बबनरावांचं हसू थांबलं. हिंदुराव आपल्या डाव्या तळहाताकडं बघत राहिले. तळहात लाल, ओला, मधोमध हळदीचा डाग. पहाटे पाचपासून न्याहारी, जेवण आणि दुपारच्या पाळीचं खाणं मिळून किती वेळा हा हात तोंडाला जातो, याचा हिशेब त्यांनी आयुष्यात केला नव्हता. कुणीच आचारी करत नाही. श्वास कोण मोजतं?

बायकोनं डॉक्टरांपुढं मान खाली घातली होती, ते त्यांना त्या वेळी आठवलं. त्यांनी पळी ठेवली.

“बबनराव, आजपासनं चव तुमी बघायची.”

“मी? मी तर आनंदानं बघीन की!”

पण बबनरावांच्या गालात सकाळी सातपासून तंबाखू असायची. त्यांनी आमटी चाखली, “फिकी वाटती मालक” म्हणाले. मीठ टाकलं, चाखलं, “अजून फिकी” म्हणाले. त्या दुपारी साडेतीनशे माणसांनी पहिल्याच घासाला पाण्याचे पेले उचलले. यंत्रशाळेचे उद्धवराव ताट घेऊन थेट चुलीपाशी आले.

“हिंदुराव, समुद्र आज पिंपरीला आणला का काय? कोकणात जायचं भाडं वाचलं आमचं!”

माणसं हसली. हिंदुरावही कसंबसं हसले. घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत.

“डॉक्टर बरोबर म्हणत होते,” ते म्हणाले. “गेटवर बसतो आता. चव न बघता रांधणारा आचारी जगात न्हाई.”

मंजुळाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “मग मी कोन?”

“म्हंजे?”

“खंडोबाचा निवद कोन करतं? चंपाषष्ठीला, मूळ नक्षत्राला, लग्नकार्याला? पंधराव्या वर्षी ह्या घरात आले तवापासनं मीच करती. देवाच्या आधी जिभेला लावायचं न्हाई. सासूबाई शेजारी काठी घेऊन बसायच्या. वरण, भाजी, भरीत, पंचवीस माणसांचं. कधी खारट झालं?”

हिंदुराव विचारात पडले. कधीच झालं नव्हतं. निदान कुणी तसं म्हटलं नव्हतं.

“प्रसाद हाय म्हणून कुणी बोललं नसंल,” ते म्हणाले.

“तुमच्या थोरल्या चुलत्यांनी प्रसादाच्या गुळाला नावं ठेवली हुती. ते गप बसले असते व्हय?”

हिंदुराव सरकून चुलीपाशी येऊन बसले.

“तुमी कसं मीठ घालता?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“आधी कमी टाकतो. मग चव बघत बघत वाढवतो.”

“म्हणून तुमचा हात शिकला न्हाई. सगळं जिभंनं केलंत.” त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “डाळ किती ते बघायचं, पानी किती ते बघायचं, मूठ भरायची आन् एकदाच टाकायचं. परत त्या पातेल्याकडं मीठ घेऊन जायचं न्हाई. भीती वाटली तरी जायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून बेचाळीस वर्षांचा आचारी बायकोकडं स्वयंपाक शिकू लागला. घरात मीठ नव्हतं, म्हणून मंजुळाबाईंनी नदीकाठची जाड वाळू आणली. वाळूची मूठ भरायची, पुन्हा परातीत सोडायची, पुन्हा भरायची. सैल मूठ, घट्ट मूठ, बोटांच्या फटीतून सांडणारी मूठ. प्रत्येक मूठ सारखी भरायला हवी. सोपानराव एकदा वर आले, हे बघितलं आणि कपाळाला हात लावून गेले.

“आवं, बिलडपेशर डोक्यात चढलं वाटतं,” ते खाली शालनबाईंना सांगत होते.

कँटीनमध्ये पहिल्या दिवशी आमटी अळणी झाली. माणसांनी मीठ मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी जमली. पाचव्या दिवशी पाऊस लागला आणि पुन्हा खारट झाली. हिंदुराव हैराण. मंजुळाबाईंनी विचारलं, “मीठ कुठं ठेवता?”

“खिडकीत.”

“पावसाळी हवेनं ओलं हुतं. ओलं मीठ मुठीत दाबून बसतं, जास्त मावतं. चुलीच्या कट्ट्यावर ठेवा. कोरडं ठणठणीत पाहिजे.”

श्रावण लागेपर्यंत हात बसला. हिंदुराव पातेल्यापुढं उभे राहायचे, डाळीवर नजर टाकायची, मूठ भरायची, सोडायची आणि पाठ फिरवायची. डावा तळहात सवयीनं पुढं यायचा. मग ते तो पंच्याला पुसायचे. बबनराव म्हणायचे, “मालक, तुमी आता रांधत न्हाई, पूजा करताय.” सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असेल, तर चांगलं झालंय की नाही हे आपल्याला कळत नाही, ही. ते साडेतीनशे तोंडांकडं बघून कळून घ्यायचं. हिंदुराव पूर्वी वाढून झालं की बिडी ओढायला मागं जायचे. आता ते दारात उभे राहून माणसं जेवताना बघू लागले. कोण भाताला दुसऱ्यांदा आमटी मागतो, कोण बोटं चाटतो, कोण ताटावर बसून विचार करतो. इतके दिवस या माणसांना वाढलं, पण त्यांची तोंडं आत्ता ओळखीची झाली.

गणपती बसल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा बांधला. पारा वर गेला, थरथरला, खाली आला. हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले होते.

“एकशे चौपन्न. खाली चौऱ्याण्णव,” डॉक्टर म्हणाले. “हिंदुराव, हे चांगलंय. काय केलंत?”

हिंदुरावांनी सगळं सांगितलं. तळहात, तेवीस वेळा, निवद, वाळू. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“तुम्हाला दिवसभर चव घ्यावी लागते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं,” ते म्हणाले. “घरी सांगा, मी त्यांना बोललो ते चुकलं.”

“सांगतो. मग गेटवर?”

“गेटवर दुसरा बघू. तुम्ही चुलीपुढंच राहा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत आणि दर महिन्याला यायचं. हा आजार जात नाही, तो सांभाळायचा असतो.”

मंजुळाबाईंना निरोप सांगितला, तेव्हा त्या “बरं” म्हणाल्या आणि पाणी भरायला गेल्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी गव्हाची खीर केली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. यंदा पहिल्यांदाच कामगारांच्या बायकामुलांनाही यंत्रं बघायला बोलावलं होतं आणि कँटीनमध्ये सगळ्यांना जेवण होतं. सहाशे पानं. हिंदुरावांनी झारे, पळ्या, उलथनी घासून मांडली, झेंडूची फुलं वाहिली आणि मसालेभाताच्या पातेल्यात मोजून मुठी सोडल्या. घरी त्यांनी कधी रांधलं नव्हतं आणि कारखान्यात एरवी बाहेरच्यांना जेवण नसे. त्यामुळं बावीस वर्षांत मंजुळाबाई नवऱ्याच्या हातचं आज पहिल्यांदा जेवणार होत्या.

त्या बायकांच्या पंगतीत, सोबत आणलेल्या शालनबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. हिंदुरावांनी स्वतः जाऊन त्यांच्या पानात भात वाढला, वर तूप सोडलं, वांग्याचा रस्सा वाढला आणि झारा हातात धरून तिथंच उभे राहिले. मंजुळाबाईंनी पहिला घास तोंडात घातला. क्षणभर त्या थांबल्या. मग चावू लागल्या.

“कसं झालंय?” हिंदुरावांनी हळूच विचारलं.

“बरोबर झालंय.”

“मीठ?”

“बरोबर हाय म्हनलं न्हवं. बघा की.” त्यांनी हनुवटीनं पंगतीकडं दाखवलं.

बबनराव मिठाचं ताट घेऊन सहाशे माणसांतून फिरून आले होते. ताट गेलं तसंच परत आलं होतं. उद्धवराव तिसऱ्यांदा भात मागत होते. शालनबाई बोटं चाटत म्हणत होत्या, “अवो, सोन्याचा हात हाय तुमचा!”

हिंदुरावांना बरं वाटलं. ते पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून बायकोकडं बघू लागले. मंजुळाबाईंनी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. पेला पुढं केला, तो बबनरावांनी भरला. पुन्हा तीन घास. पुन्हा पेला रिकामा. कपाळावर घाम आला होता. तो त्यांनी पदरानं टिपला आणि खाली मान घालून जेवत राहिल्या. पान इतकं निपटून खाल्लं की शीतसुद्धा उरलं नाही.

चैत्रापासून आश्विनापर्यंत त्या बाईच्या जिभेवर मिठाचा कण पडला नव्हता. सगळ्या पंगतीला जे बरोबर झालं होतं, ते तिला सोसत नव्हतं.

बबनराव तांब्या घेऊन पुन्हा निघाले होते. हिंदुरावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ते पंगतीत शिरले, बायकोपुढं वाकले आणि पेला काठोकाठ भरला. मंजुळाबाईंनी वर न बघता तो संपवला आणि पुन्हा पुढं केला.